चादरीऐवजी एक दिवस : अनुभवाची भेट पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी

आत्याची साठी झाली. हॉलवरून सगळं सामान घरी आणून मोजलं, तर अकरा चादरी निघाल्या. सोलापुरात, सोलापुरी चादरी, त्याही अशा बाईला जी मागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झाली. आत्याने त्या दिवाणात कोंबल्या, झाकणावर बसून ते दाबलं आणि बसल्याबसल्याच म्हणाली, "एवढ्या सगळ्यांनी मिळून मला एकदा विमानात बसवलं असतं की रे!"

ती राहते होटगी रोडला. २०२५च्या जूनमध्ये इथून गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून आवाज आला की ती पापड टाकून गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहते. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी स्वतः दिलेली चादरही त्या अकरांतच होती, हेही सांगून टाकतो.

तसा मी काही वर्षांपासून जमेल तिथे वस्तूऐवजी अनुभव देत आलोय. काही भेटी जमल्या, दोन-तीन सपशेल फसल्या. पहिल्यांदाच करून बघणाऱ्याला उपयोगी पडेल एवढं इथे लिहितो.

आधी माणूस, मग बेत

"तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. आपल्याकडे याचं एकच उत्तर ठरलेलं आहे : "काही नको रे बाबा, तुम्ही आलात यातच सगळं आलं." त्याऐवजी एरवीच्या गप्पांत कान उघडे ठेवा. "तेवढं बघायचं राहिलंच," "आम्ही लहानपणी जायचो तिकडे," "ह्यांना कधी सवडच नसते" अशी वाक्यं कानावर पडली की फोनमध्ये नावासमोर टिपून ठेवा. माझ्याकडे अशी यादी आहे. वाढदिवस जवळ आला की दुकानात नाही, त्या यादीत जातो.

मग तीन गोष्टींची चौकशी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून गुपचूप करायची : गुडघे, पथ्य आणि वार. गुडघे म्हणजे किती पायऱ्या चढवतात आणि किती वेळ उभं राहवतं. पथ्य म्हणजे साखर, रक्तदाब, बाहेरचं खाणं चालतं का. वार म्हणजे उपास.

हे तिसरं मी फसल्यावर शिकलो. आईला हुरड्याची फार हौस. मी ओळखीच्या शेतात सगळं ठरवलं, गाडी काढली, आगटी पेटली, पहिलं कणीस भाजून निघालं आणि आईने हात मागे घेतला. "अरे, आज एकादशी." तिने घरी सांगितलं का नाही? कारण मी हुरड्याचं सांगितलंच नव्हतं, अचानक आनंद द्यायचा होता ना! ती बिचारी दिवसभर बोरं आणि पेरू खाऊन आम्हाला हुरडा चोळून देत बसली. अचानकपणाची हौस असेल तर आधी कालनिर्णय उघडा.

ऋतू पाहून बेत ठरवा

सोलापुरात एप्रिल-मे हे महिने उघड्यावरच्या कुठल्याही भेटीचे नाहीत. पारा चाळिशी ओलांडतो, आणि सकाळी दहानंतर माणसाला बाहेर काढणं म्हणजे शिक्षा. बाकीच्या वर्षात मात्र आपल्या आजूबाजूला इतकं आहे, की पुण्या-मुंबईच्या महागड्या गिफ्ट कार्डांकडे बघायची गरज पडत नाही.

हुरडा ही सोलापूरकराच्या हातातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात श्रीमंत भेट. डिसेंबर उतरतीला लागला की फेब्रुवारीपर्यंत कुठे ना कुठे ज्वारी हुरड्यात आलेली असते, पण एका शेतातला हंगाम थोड्याच दिवसांचा. दाणा दुधाळ असेल तर लवकर झालं, कडक झाला की गेलाच. म्हणून शेतकऱ्याला आधी विचारून तारीख घ्या, आपली तारीख त्याच्यावर लादू नका. भाकरीला मालदांडी ज्वारी, पण हुरड्याला गूळभेंडी जातीची मिळाली तर बघा. दाणा गोड लागतो आणि कणसातून सहज सुटतो.

शहरातल्या पाहुण्यांना तयार हुरडा ताटलीत आणून देण्यात अर्धी गंमत जाते. त्यांना आगटीशी बसवा. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसायची, फिरवत राहायची, बाहेरून काळी पडायला लागली की काढून गरम असतानाच चोळायची. पहिल्यांदा चोळणारा हमखास हात झटकतो. मग दाणे तळहातावर येतात, फुंकर मारून तूस उडवायचं, आणि त्यावर शेंगाचटणी. आमच्या बंगळुरूच्या भाच्याने पहिल्या वर्षी "हाताला चटका बसला" म्हणून तोंड फुगवलं होतं. आता तो दिवाळीतच फोन करून विचारतो, "मामा, ज्वारी किती आली?"

पावसाळ्यात नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने तासाभराचा प्रवास. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्याच पोटात पाणी महाल आहे. बांध भरला की पाणी नर आणि मादी अशा दोन सांडव्यांवरून कोसळतं, आणि महालात उभं राहिलं की ते पाणी समोरून पडताना दिसतं. अडचण एकच : बांध कधी भरेल ते कुणाच्या हातात नाही. म्हणून या भेटीच्या पाकिटावर मी तारीख टाकत नाही. "नर-मादी वाहायला लागल्याची बातमी आली, की त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी" असं लिहितो. बुधवार अशासाठी की रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त. दगड शेवाळलेले असतात, तेव्हा लहान मुलं आणि चपला दोन्ही सांभाळा.

मुलांसाठी गड्डा. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला धरून असते, त्यामुळे ही एक भेट अशी आहे जिची तारीख वर्षभर आधी माहीत असते. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम, दारूकाम हे सगळं त्या चार-पाच दिवसांत होतं आणि तेव्हा गर्दीत मुलं चेंगरतात. पाळणे आणि खेळ होम मैदानावर पुढेही बरेच दिवस असतात. मी पुतण्यांना देतो ती भेट अशी : "एक संध्याकाळ, तीन पाळणे, एक खेळ, खाऊ तुमच्या पसंतीचा, आणि काका 'चला आता' म्हणणार नाही." शेवटच्या अटीवर ते जीव टाकतात. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी न्या.

निवृत्त शिक्षक, इतिहासाची आवड असलेले सासरे, अशांसाठी हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ, तिथला शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख, आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. सासरे गाडीतून उतरल्यावर जे बोलायला लागले ते परत येताना वाटेतल्या मंद्रूपलाही थांबले नाहीत. मी त्यांना माहिती सांगायची तयारी करून गेलो होतो, ती वायाच गेली. खरं तर भेट तीच होती : चार तास ऐकणारा जावई.

बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९पासूनचं. पक्षी आवडणाऱ्याला ही भेट जरूर द्या, पण निमंत्रण माळढोकाचं देऊ नका. तो आता दिसणं फार दुर्मीळ. काळविटांचं द्या, गवताळ माळावरच्या पहाटेचं द्या. आत जायची वेळ आणि परवानगी वनखात्याकडे आधी विचारून ठेवा. सगळ्याच अनुभवांना हे लागू आहे : जे बहुधा मिळेल तेच पाकिटावर लिहा, जास्तीचं काही दिसलं तर ते वरकड.

आता चादरीचं. परगावचे पाहुणे चादर नेणारच, नेऊ द्या. पण त्यांच्या पोरांना एकदा ती विणताना दाखवा. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे माग आहेत, कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. कारखानदाराला दोन दिवस आधी सांगा, माग चालू असतील ती वेळ घ्या, नारळी पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, कारण तेव्हा विणकर पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव असतो. आत गेल्यावर माग दाखवाच, पण मुलांची नजर वर न्या. मागावर बसवलेल्या जकार्ड नावाच्या यंत्रावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावर ताण्याचा, म्हणजे उभा, कुठला धागा उचलायचा ते ठरतं, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापुढे हे दोन मिनिटं धरलं की त्याचा चेहरा बघा. बोलायचं असेल तर बाहेर येऊन बोला, आत काही ऐकू येत नाही. आणि ज्याने वेळ काढून दाखवलं त्या कामगाराला चहा-पाण्याचं विसरू नका.

गावातल्या गावात द्यायच्या भेटी कमी लेखू नयेत. हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्षाची वर्गणी, हुतात्मा स्मृती मंदिरातल्या नाटकाची कडेच्या खुर्चीची दोन तिकिटं, पोहण्याचा महिनाभराचा वर्ग. नव्या सुनेने सासूकडून कडक भाकरी शिकायची आणि त्याचं साहित्य नणंदेने आणायचं, असाही एक बेत आमच्याकडे झाला. भाकरी कडक झाली, पण गोल झाली नाही. दोघी हसून हसून दमल्या.

तारीख, सोबत, ने-आण

अनुभवाची भेट बुडते ती इथेच. "आपण एकदा जाऊ" हे वाक्य म्हणजे भेट नव्हे.

दादा निवृत्त झाले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तुम्हाला विजापूरला नेणार, गोलघुमट दाखवणार. शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. पहिलं वर्ष माझ्या बदलीत गेलं, दुसरं बहिणीच्या लग्नात. तिसऱ्या वर्षी गेलो तोवर त्यांच्या उजव्या गुडघ्याने संप केला होता. वरच्या सज्जात जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून, अरुंद, उंच पायऱ्यांचा, सात मजले. त्यांनी खालून एकदा जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जा. वरून हाक मार, मी इथून ऐकतो." मी धापा टाकत वर गेलो, कठड्याशी उभं राहून "दादा" म्हणून हाक मारली. ती घुमटात फिरून फिरून परत येत राहिली. खाली कबरींच्या चौथऱ्याजवळ एक पांढरा सदरा उभा होता. त्याने हात वर केला.

तेव्हा तारीख आधी ठरवा. भेट देण्याआधीच समोरच्याच्या मोकळ्या दिवसाची चौकशी करा, पर्यायी एक तारीखही ठेवा, आणि शक्यतो दोन महिन्यांच्या आत उरका.

दुसरं, सोबत. साठीच्या पुढच्या माणसाला एकट्याला तिकीट देणं म्हणजे काम देणं. जोडीला कोण हे तुम्ही ठरवा, आणि तो माणूस त्यांच्या आवडीचा असू द्या, तुमच्या सोयीचा नव्हे.

तिसरं, घरापासून घरापर्यंतचा खर्च तुमचा. नाटकाचं तिकीट दिलं, पण जुळे सोलापुरातून रिक्षाने यायचं-जायचं कुणी बघायचं? रात्री साडेबाराला रिक्षा शोधणारे काका त्या नाटकाला दुवा देत नाहीत. माझा ढोबळ हिशेब असा की जेवढी रक्कम ठरवली असेल त्यातली निम्मीच मुख्य गोष्टीवर घालायची, उरलेली प्रवास, खाणं, पाणी, पार्किंग आणि देवळात टाकायच्या दक्षिणेसाठी. पाच जणांनी प्रत्येकी ५०१ची पाकिटं देण्याऐवजी एकत्र वर्गणी काढली तर हे सहज बसतं. हिशेब एकाकडेच ठेवा, नाहीतर वर्गणीवरूनच घरात वाजतं.

तयार कूपन घेणार असाल तर आधी फोन करा. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही एका मित्राला शहराबाहेरच्या रिसॉर्टचं कूपन दिलं. दोघं नटूनथटून रविवारी गेले, आणि फाटकावर कळलं की ते फक्त सोमवार ते गुरुवार चालतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं म्हणे. मुदत कधी संपते, कुठल्या वारी चालतं, माणशी किती जास्तीचे द्यावे लागतात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

रिकाम्या हाताचं काय?

इथे आपली माणसं अडखळतात. व्हॉट्सॲपवर तिकीट पाठवून नुसते हात हलवत समारंभाला गेलात, तर मामा दारातच म्हणणार, "काय बे, मोकळाच आलास?" त्यांचंही चूक नाही. काहीतरी हातात ठेवल्याशिवाय दिल्यासारखं वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

म्हणून पाकीट करा. आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि बरोबर त्या अनुभवाची एखादी खूण. हुरड्याच्या पाकिटाला मी ज्वारीचं वाळकं कणीस बांधतो. कुडलच्या वेळी शिलालेखाचा छापलेला फोटो घातला होता. चिठ्ठीत गोलमोल काही नको. आईला दुसऱ्या वर्षी दिलेली चिठ्ठी अशी होती :

"आई, येत्या शनिवारी सकाळी साडेआठला गाडी दारात. मावशीला सांगितलंय, तीही येतेय. हुरडा. दुपारी भाकरी-पिठलं तिथेच. पाचपर्यंत घरी. एकादशी नाही, दोनदा पाहिलंय."

कधी, कोण, काय, परत कधी, एवढं त्यात आलं की समोरचा माणूस निवांत होतो. वयस्कर लोकांना "परत कधी" हे फार महत्त्वाचं असतं, घरी देवापुढे दिवा लावायचा असतो.

अनुभव सगळीकडे चालत नाही, हेही खरं. लग्नात भेट देण्याघेण्याच्या घाईत चिठ्ठी हरवते, तिथे सरळ पाकिटात पैसे द्यावेत. डोहाळजेवणाच्या बाईला खड्ड्यांच्या रस्त्याने कुठे नेऊ नये. आणि ज्या घरात मिक्सर बंद पडलाय आणि नवा घेणं लांबणीवर पडतंय, तिथे मिक्सरच द्या. त्या घराला नळदुर्गचा धबधबा दाखवून उपयोग नाही.

त्या दिवशी

यजमान व्हा, मॅनेजर होऊ नका. "आता हे बघा, आता इकडे या" असं करत राहिलात तर पाहुणा दमतो. दर अर्ध्या तासाला "मजा येतेय ना?" विचारणं तर त्याहून वाईट. भिडेखातर "हो" म्हणतात बिचारे. फोटो सुरुवातीला दोन-चार काढा आणि फोन खिशात घाला. नंतर त्यातला एकच, चांगला, छापून नेऊन द्या.

आत्याचं विमान अखेर ठरलं. सहा भाचरांनी वर्गणी काढली, सोबतीला धाकटी चुलत बहीण. गोव्याचं विमान रोज असतंच असं नाही आणि वेळापत्रकही बदलतं, त्यामुळे आधी ते पाहिलं, मग तिथल्या मुक्कामाचं. तिकीट काढताना नावापाशी घोळ झाला. घरात जे नाव सगळ्यांच्या तोंडी, ते माहेरचं. आधारवर सासरचं. तिकिटावर आधारचंच नाव लागतं, तेव्हा कार्डाचा फोटो मागवूनच बुकिंग करा. खिडकीची जागा आधीच घेतली. विमान छोटं, पंख्याचं, हे तिला सांगून ठेवलं, नाहीतर टीव्हीतल्यासारखं मोठं नाही म्हणून हिरमुसली असती.

जायच्या आदल्या रात्री पिशवी भरताना मी बघत होतो. धपाटे, शेंगाचटणी, गोळ्यांचा डबा, आणि सगळ्यात वर त्या अकरांतली एक चादर, घडी घालून.

"आत्या, हे कशाला?"

"विमानात एसी असतो म्हणे," ती म्हणाली, आणि चेन लावायला मला पिशवी दाबून धरायला सांगितली.